चौथ्या मजल्यावरचे बूट

बाळांनो, डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. दोन मोठे पलंग, मधे दिवा, भिंतीवर बदकांचं चित्र, आणि चार बोटांपेक्षा जास्त न उघडणारी खिडकी. आता त्या खोलीत तुमचं सगळं घर बसवा. स्वयंपाकघर कुठे? पलंगाखालच्या सुटकेसमध्ये. धुणं कुठे? न्हाणीघरातल्या टबात. आणि रुसून बसायची जागा? तीही त्या टबातच, पडदा ओढून घेतला की झालं. अंगण नाही. गालिचा घातलेली एक लांबलचक बोळ आहे, आणि तिच्या दोन्ही अंगांना तुमचे काका, मावश्या, शेजारी असेच एकेका खोलीत राहतात. दारांवर नावं नाहीत, आकडे आहेत.

बसलं घर? आता त्यात डारलाला आणा.

डारला मोअर अकरा वर्षांची. विनिपेग शहरातल्या प्रेअरी क्राउन हॉटेलात, चौथ्या मजल्यावर, चारशे बारा नंबरच्या खोलीत ती मूशमबरोबर राहायची. मूशम म्हणजे आजोबा. लून बे या त्यांच्या गावात सगळीच मुलं आजोबांना मूशम म्हणत. त्या देशाच्या मूळ रहिवाशांचं हे गाव तळ्याकाठी होतं. एका वसंतात तळं फुगलं. पाणी दुसऱ्या गावांत शिरू नये म्हणून वरच्या अंगाच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले गेले, आणि ते सगळं लून बेत आलं. मग बसगाड्या आल्या.

"थोडेच दिवस," बसमध्ये चढवणारा माणूस म्हणाला होता. "अंगावरचे कपडे आणि औषधं तेवढी घ्या."

डारला तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हती. आता ती सहावीत होती. अजूनही दर महिन्याच्या शेवटी कुठल्याशा सरकारी कचेरीतून हॉटेलला फोन यायचा, की लून बेच्या लोकांना आणखी एक महिना राहू द्या. थोडेच दिवस.

हॉटेलात खोलीत स्वयंपाक करायला बंदी होती. पण खालच्या मजल्यावरचा तोच पाव आणि तीच अंडी माणूस किती वर्षं खाईल? म्हणून प्रत्येक सुटकेसमध्ये एक विजेची शेगडी होती. शेगडी काढली की आधी ओला टॉवेल दाराच्या फटीला लावायचा, म्हणजे वास बोळीत जात नाही. मग खिडकी चार बोटं उघडायची. मग बॅनकचं पीठ मळायचं. बॅनक म्हणजे तव्यावर भाजलेली जाडजूड भाकरी, वरून खरपूस आणि आतून मऊ. डारलाला ती मूशमनीच शिकवली होती.

"पिठाला चिमटे काढू नकोस गं," मूशम म्हणायचे. "त्याने तुझं काय वाकडं केलंय? नुसतं थोपट."

मूशमचं नाव अ‍ॅम्ब्रोज. आयुष्यभर तळ्यावर जाळी टाकलेली माणसं असतात तसे त्यांचे हात होते, रुंद आणि भेगाळलेले. पण त्यांची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीनदा इस्पितळात जाऊन यंत्राकडून रक्त साफ करून घ्यावं लागे. इस्पितळ हॉटेलपासून जवळच होतं. मूशम तिथवर चालत जात, एक हात काठीवर आणि एक डारलाच्या खांद्यावर. डारलाची आई उत्तरेला, खाणीच्या गावात कामाला होती. तिचा फोन यायचा, कधीमधी पार्सल यायचं. रोजचं माणूस म्हणजे मूशम.

नोव्हेंबरात एकदा संध्याकाळी रोडेल वर आला. रोडेल हॉटेलचा व्यवस्थापक. मनिलाहून या थंडीत आलेला, सदा घाईत. शेगड्यांचं त्याला सगळं ठाऊक होतं. वास आला की तो मोठ्याने खोकत बोळीतून जायचा, म्हणजे माणसांना आवरायला वेळ मिळे.

"उद्या सकाळी सरकारी बाई मजला बघायला येणार आहेत," तो म्हणाला.

"कुठलं सरकार?" शेजारच्या खोलीतल्या आंटी व्हर्नाने दारातून डोकं काढलं. "एक सरकार आम्हाला इथे ठेवतंय. एक आम्हाला घरी नेतो नेतो म्हणतंय. हे तिसरं निघालं का?"

"आंटी, मालकांचा निरोप आहे, मजला चकाचक दिसला पाहिजे. सकाळभर मॉलमध्ये जाऊन बसा. कॉफी माझ्याकडून."

"तुझ्याकडून? मग काहीतरी मोठंच दिसतंय."

रोडेल हसला, पण थांबला नाही. तेव्हाच त्याला विचारायला हवं होतं. पण सरकारी माणूस येणार म्हटलं की लून बेचे लोक प्रश्न विचारत नसत, कामाला लागत. लपवायच्या कामाला. हे त्यांना कुणी शिकवावं लागत नसे. मोठी माणसं करत आणि लहान मुलं बघून शिकत.

शेगड्या सुटकेसमध्ये गेल्या. दोन पलंगांमध्ये दोरी बांधून केलेले बाळांचे झोके सुटले. आंटी व्हर्नाचं मूसचं, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाचं, कातडं आणि मण्यांचे डबे गाद्यांच्या खाली सरकले. बोळीच्या टोकाला चादरी-टॉवेल ठेवायची खोली होती. तिथे मुलांच्या सायकली, जाळ्यांचे लाकडी तरंगे आणि सगळ्यात शेवटी बूट. लून बेच्या रिवाजाप्रमाणे बूट दाराबाहेर काढायचे, त्यामुळे बोळीत दोन्ही बाजूंना बुटांच्या रांगा असत. डारलाने ते सगळे उचलून चादरींच्या मागे रचले. लपवण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. मूशमचे दात ठेवायचा पेलासुद्धा तिने पुसून उपडा घातला.

"झकास," आंटी व्हर्ना बोळ न्याहाळत म्हणाली. "इथे माणूस राहतो असं कोण म्हणेल!"

डारलाला तेव्हा ही शाबासकीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सगळे मॉलमध्ये गेले. तिथून मूशमना इस्पितळात जायचं होतं आणि त्यांची कानटोपी वर राहिली होती. डारला धावत परत आली. टोपी घेऊन बाहेर पडते तोच लिफ्टचं दार उघडलं, आणि रोडेलच्या पुढे एक उंच बाई उतरल्या.

त्यांचं नाव ओरिसिया मेल्निक. गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांची पाटी, आणि बुटांवरचा बर्फ त्यांनी लिफ्टमध्येच नीट झटकला होता. त्यांचं काम काय ते मी तुम्हाला सांगतो, कारण डारलाला ते पुष्कळ उशिरा कळलं. वसंतात शहरात एक मोठी परिषद भरणार होती. देशोदेशीचे लोक येऊन तळी आणि नद्या यांच्यावर बोलणार होते. त्यांना झोपायला जागा हवी. सरकारला पाहुणे ठेवायचे असले की नुसता फोन करून भागत नाही. आधी जाहीर करावं लागतं, की आम्हाला अशा अशा खोल्या हव्यात. परिषदेच्या इमारतीपर्यंत चालत जाता यावं. छताला आगीवर पाणी सोडणारे नळ असावेत. एक अख्खा मजला मिळावा, त्यावर दुसरं कुणी असू नये. मग हॉटेलं आपापले भाव कळवतात. आणि मग मेल्निकबाईंसारखं कुणीतरी येऊन, गादी दाबून, नळ सोडून, डोळ्यांनी खात्री करून घेतं. त्यांनी हो म्हटलं की करार होतो.

मेल्निकबाई चारशे बारामध्ये शिरल्या. छताकडे बघितलं, पलंगावर तळवा दाबला, न्हाणीघरात नळ सोडून पाण्याखाली बोट धरलं. डारला टोपी छातीशी धरून दाराजवळ उभी होती.

"किती शांत आहे इथे," बाई म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष डारलाकडे गेलं. आवाज खरंच मऊ होता. "तू इथे उतरली आहेस का, बाळ?"

डारलाने रोडेलकडे पाहिलं. रोडेल बदकांच्या चित्राकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली.

"फिरायला आलात?"

"हो."

"छान. किती दिवस?"

डारलाला एकच उत्तर ठाऊक होतं. ती इथे आल्यापासून सगळ्यांना तेच उत्तर मिळत आलं होतं.

"थोडेच दिवस," ती म्हणाली.

मेल्निकबाई हसल्या, त्यांनी पाटीवर काहीतरी टिपलं, आणि त्या पुढच्या दाराकडे गेल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी रोडेलने सगळ्यांना न्याहारीच्या खोलीत बोलावलं. टाय नीट बांधला होता, चेहरा मात्र रात्रभर न झोपल्यासारखा.

"परिषदेचं कंत्राट आपल्या हॉटेलला मिळालं," तो म्हणाला. "मार्चअखेर चौथा मजला रिकामा करून द्यायचा आहे."

पाव भाजायच्या यंत्रातून दोन तुकडे टणकन वर आले.

"रिकामा म्हणजे?" आंटी व्हर्नाने विचारलं.

"तुमची सोय ब्रॅन्डनला केली आहे. चांगलं हॉटेल आहे. पोहण्याचा तलावसुद्धा आहे."

"बघ हां, तलाव आहे!" आंटी सगळ्यांकडे वळली. "आपल्याला पाणी कमी पडलं होतं ना!"

एकदोघं हसले, पण हसू लगेच विझलं. ब्रॅन्डन म्हणजे मोटारीने अडीच तास.

"आणि पाहुणे गेले की आम्ही परत यायचं?" मूशमनी विचारलं. ते क्वचितच बोलत, म्हणून सगळे त्यांच्याकडे वळले.

रोडेलने टायची गाठ चाचपली. "मालक म्हणतात, पाहुणे गेले की मजला रंगवू. उन्हाळ्यात प्रवाशांना देऊ. सर, मी त्यांना सांगितलं होतं. मला वाटलं होतं बाई तिसरा मजला पसंत करतील. पण त्यांनी चौथा पाहिला, आणि..." तो अडखळला. "आणि त्यांना तो रिकामा दिसला. शांत. लेखी दिलंय त्यांनी तसं. मालकांनी कराराच्या कागदावर म्हटलं, थोड्या दिवसांचे पाहुणे आहेत, ते जातील."

"मग तू का नाही सांगितलंस तोंड उघडून?" आंटी ओरडली.

"चाळीस माणसं कामाला आहेत, आंटी. हे कंत्राट नसतं मिळालं तर मालक दार बंद करणार होते."

त्यानंतर आंटी व्हर्ना दिवसभर फोनवर होती. खोल्यांचे पैसे देणाऱ्या कचेरीने सांगितलं, आम्ही पैसे देतो, कुठलं हॉटेल ते आमच्याकडे नाही. परिषदेच्या कचेरीने सांगितलं, आम्ही रिकाम्या खोल्या घेतल्या आहेत, तिथे कुणी राहत होतं अशी आमच्याकडे नोंद नाही.

"नोंद नाही म्हणे!" आंटीने फोन पलंगावर आपटला. "सहा वर्षं मी इथे आहे. माझ्या पाठीचा आकार त्या गादीत उमटलाय, तो बघा म्हणावं!"

पण सगळ्यात वाईट बातमी इस्पितळातून आली. ब्रॅन्डनच्या यंत्रांवर जागा नव्हती. मूशमना विनिपेगमध्येच राहावं लागणार होतं, इस्पितळाच्या वसतिगृहात, एकट्याने. तिथे फक्त रुग्णांना ठेवत. लहान मुलांना नाही.

"तू माझ्याबरोबर चल," आंटी डारलाला म्हणाली. "मी आहे ना."

डारलाने मान हलवली, आणि टबात जाऊन पडदा ओढून घेतला. मूशमना रात्री उठायला हात लागतो हे वसतिगृहातल्या कुणाला माहीत असणार? कानटोपी घालायची आठवण त्यांना कोण करणार? पण हे सगळं वरवरचं. खाली एक गोष्ट दगडासारखी बसली होती. ती तिने कुणालाच सांगितली नव्हती.

ती सांगितली गेली इस्पितळात. मूशम त्या मोठ्या खुर्चीत रेलले होते. दंडातून निघालेल्या दोन नळ्या यंत्रात गेल्या होत्या आणि यंत्र हळूहळू फिरत होतं. डारला शेजारच्या स्टुलावर गणितं सोडवत होती. खरं म्हणजे एकच गणित पुन्हा पुन्हा खोडत होती.

"कागदाला भोक पडेल," मूशम डोळे न उघडता म्हणाले. "काय झालंय?"

"मूशम, मी तिला सांगितलं."

"कुणाला?"

"त्या बाईला. तिने विचारलं, किती दिवस राहणार. मी म्हटलं, थोडेच दिवस." आता शब्द आवरेनात. "तिने विचारलं फिरायला आलात का, मी हो म्हटलं. बूटही मीच लपवले. तुमचा पेलासुद्धा. म्हणूनच तिला रिकामं दिसलं. माझ्यामुळे तुम्हाला..."

मूशमनी मोकळा हात पुढे केला. डारलाने तो धरला.

"मी तुझ्याहून लहान होतो," मग ते म्हणाले. "गावात मोटारबोट आली की आवाजावरून कळायचं कुणाची ते. एक बोट होती सरकारी माणसाची. तो मुलं न्यायला यायचा, लांबच्या शाळेत. नेलेल्या मुलांना आपली भाषा बोलू देत नसत. काही परत आली. काही नाही आली. म्हणून त्या बोटीचा आवाज आला की आई मला उपड्या होडीखाली सारायची. होडीला नुकतं डांबर फासलेलं असायचं. अजून तो वास नाकात आहे. मी तिथे श्वास धरून पडायचो. आई दारात उभी राहायची आणि म्हणायची, इथे मुलं नाहीत. माझे बूट चुलीमागे, माझी ताटली पेटीत. घरात मूल असल्याची एक खूण सापडायची नाही."

"आणि तो माणूस?"

"बघायचा आणि परत जायचा. मला कधीच नेलं नाही. तुझी पणजी लपवण्यात फार हुशार होती." ते किंचित हसले. "तू तिच्यावर गेली आहेस."

यंत्राने बारीक शीळ घातली. परिचारिका आली, एक बटण दाबलं आणि गेली.

"मग मी बरोबर केलं का चूक?" डारलाने विचारलं.

मूशमनी डोळे उघडले.

"तो माणूस मुलं शोधत यायचा," ते सावकाश म्हणाले. "ही बाई रिकामी जागा शोधत आली होती."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा डोळे मिटले. डारला परत गणिताकडे वळली, पण आता ती खोडत नव्हती. नुसती पेन्सिल धरून बसली होती.

मार्चमध्ये सुटकेसी भरल्या गेल्या. बसगाड्या शुक्रवारी यायच्या होत्या. बुधवारी सकाळी रोडेल पुन्हा वर आला. या खेपेला तो कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हता.

"आज शेवटची पाहणी आहे. मेल्निकबाई आणि परिषदेचे आणखी दोघं. फक्त... तुम्ही दुपारपर्यंत..."

"मॉलमध्ये जाऊन बसू," आंटी व्हर्नाने वाक्य पुरं केलं. "कॉफी तुझ्याकडून. माहीत आहे. या वेळी डोनटसुद्धा घालशील ना, जाता जाता?"

ती आवाज चढवू शकली असती, पण चढवला नाही. आणि डारलाला तेच सगळ्यात भयंकर वाटलं. कारण आंटी बडबडत बडबडत दोरीवरचे मोजे काढायला लागली होती. समोरच्या दारातला टायरोन झोका सोडत होता. सगळे हात आपोआप चालले होते. नेहमीसारखे. बूट उचलले जात होते, चादरींच्या खोलीत जात होते. जातानासुद्धा खूण राहू नये म्हणून माणसं झटत होती.

"चल गं," आंटीने हाक मारली. "मूशमना घे."

"मूशम दमलेत. आम्ही इथेच थांबतो. आवाज नाही करणार."

आंटीने तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग मान हलवून ती लिफ्टमध्ये शिरली. दार मिटलं, आणि मजला शांत झाला. अगदी बाईंना आवडला होता तसा.

डारला खोलीत आली. मूशम खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, मांडीवर घडी घातलेलं पांघरूण. तिने पलंगाखालची सुटकेस ओढली. शेगडी काढली. शेगडी सापडली तर त्याच दिवशी बाहेर काढायचा नियम होता; दोन दिवस थांबायचीही गरज नव्हती. मूशमना वसतिगृहात जागा मिळायच्या आधीच रस्त्यावर आणलं तर? तिने त्यांच्याकडे पाहिलं.

मूशमनी शेगडीकडे पाहिलं, मग दाराच्या फटीतल्या त्या ओल्या टॉवेलकडे. खोलीत येताच डारलाने सवयीने तो लावला होता.

"पीठ आहे का?" त्यांनी विचारलं.

"थोडं आहे."

"चरबी बेताची घाल. नाहीतर धूर होईल आणि छतातले नळ सुटतील. मग पुन्हा पूर."

डारलाला हसू आलं आणि रडूही आलं. तिने पीठ मळलं. चिमटे काढले नाहीत, नुसतं थोपटलं. तव्यावर बॅनक टाकली. मग खाली वाकून तो ओला टॉवेल उचलला, टबात टाकला, आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं.

"मूशम, तव्याकडे लक्ष ठेवा," ती म्हणाली, आणि बोळीच्या टोकाकडे धावली.

चादरींच्या खोलीत बूट ढिगाने पडले होते. तिला कुठले कुणाचे ते विचारावं लागलं नाही. टायरोनचे डाव्या बाजूने झिजलेले. आंटी व्हर्नाचे घोट्याशी मणी शिवलेले. जुळ्यांचे गुलाबी, एकाची नाडी हिरवी. बाळाचे, मुठीएवढे, अजून जमिनीला न लागलेले. ती कवेत मावतील तेवढे बूट उचलत होती, धावत होती, प्रत्येक दाराशी ठेवत होती, परत जात होती. टाचा भिंतीकडे, टोकं बाहेर, रिवाजाप्रमाणे. सायकली काढल्या. लाकडी तरंग्यांची माळ चारशे सहाच्या कडीला अडकवली. बोळीत आता भाजल्या पिठाचा वास पसरला होता आणि तो लिफ्टपर्यंत पोचला होता.

शेवटी मूशमचे बूट. ते तिने चारशे बाराच्या दाराशी ठेवले, आणि शेजारी आपले.

लिफ्टची घंटा वाजली.

आधी रोडेल दिसला. त्याने बोळ पाहिली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तो मोठ्याने खोकला, सवयीने, आवरायला वेळ मिळावा म्हणून. पण या वेळी कुणी आवरलं नाही. त्याच्या मागून मेल्निकबाई उतरल्या. हातात तीच पाटी. आणखी दोघंजण त्यांच्या मागे थबकले, कारण पुढे पाय ठेवायला जागा बघावी लागत होती.

मेल्निकबाईंनी उजवीकडच्या रांगेकडे पाहिलं, मग डावीकडच्या. बाळाच्या बुटांपाशी त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग त्यांना दारातली डारला दिसली, हाताला पीठ लागलेली.

"तू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही तर फिरायला..." वाक्य त्यांनी तसंच सोडलं. "हे कुणाचे बूट आहेत सगळे?"

उपड्या होडीखाली श्वास धरून पडलेल्या मुलासारखं तिला वाटलं. मागे मूशमची काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. ते उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले होते.

डारलाने आत जाऊन तव्यावरची बॅनक उलटली, करपू नये म्हणून. हात फ्रॉकला पुसले. मग ती बोळीत आली, मेल्निकबाईंना घेऊन पहिल्या दाराशी गेली, झिजलेल्या बुटांवर बोट ठेवलं, आणि सांगायला लागली, "हे टायरोनचे."